सॅलिसिलिक की ग्लायकोलिक? आपल्या जळगावच्या उन्हाचा विचार करून ठरवा

दोन्ही चेहऱ्याला लावायची ॲसिडच, दोन्ही वरची मेलेली कातडी काढतात, म्हणून दुकानदार म्हणतो कोणतंही घ्या ताई. तसं नाहीये ना भो.

सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट छिद्रात उतरून आत साचलेलं मोकळं करतं. नाकावरचे काळे ठिपके, कपाळावरचे बारीक दाणे, पिंपल, याला हेच बरं. मेडिकलवर साधारण ०.५ ते २ टक्क्यांचं मिळतं. त्रास म्हणजे चेहरा कोरडा पडतो, ओठांच्या कडेला सालपटं निघतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हात लावू नका, एकाच घराण्यातलं आहे ते. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ग्लायकोलिक पाण्यात विरघळतं, उसातही असतं, कण एकदम लहान म्हणून पटकन आत जातं आणि चरचरतंही तेवढंच. पिंपल गेल्यावर राहिलेले डाग, निस्तेज खरखरीत चेहरा यासाठी चांगलं, घरी ५ ते १० टक्के बास, त्याहून जास्त टक्क्यांचं पील (कातडीचा वरचा थर उतरवणं) डॉक्टरकडेच. पण यानं कातडी उन्हाला नाजूक होते, आणि बंद केल्यावरही आठवडाभर तसंच राहतं.

मी शहाणी, टॅन काढायला म्हणून एप्रिलमधे सुरू केलं (हसू नका), वरून सनस्क्रीन नाही, स्कुटीवर तोंडाला स्टोल गुंडाळला की झालं असं वाटायचं, चौथ्या दिवशी गाल लालबुंद आणि मग तिथेच काळा डाग जो दिवाळीपर्यंत गेला नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचं असंच असतं, जळजळ झाली की डाग मागे ठेवून जाते.

म्हणून माझं मत, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा ग्लायकोलिक नकोच, ते दिवाळीनंतर थंडीत, फक्त रात्री, आठवड्यातून दोनदा. तेलकट चेहरा असेल तर सॅलिसिलिक उन्हाळ्यातही चालतं, पण सकाळी ३० एसपीएफचं सनस्क्रीन दोन्हीला लागतंच. दोन्ही झेपत नसतील तर लॅक्टिक ॲसिड बघा, कण मोठा म्हणून सौम्य. दह्यातही तेच असतं म्हणून आजी खूश होते, पण वाटीभर दही चोपडलं म्हणजे सीरम लावलं असं नाही.

रेटिनॉल (सुरकुत्या-पिंपलसाठीचं व्हिटॅमिन ए) लावता त्या रात्री यातलं काहीच नको. आणि घरात लग्न असेल तर थ्रेडिंग-वॅक्सिंगच्या आधी चार-पाच दिवस बाटली कपाटातच राहू द्या.