तपस्वी पाहायचे, तर सांची की कोलकाता?

बौद्ध शिल्पांतले जटाधारी तपस्वी नीट पाहायचेत, पण सुट्टी एकाच फेरीची आहे, अशांसाठी हे लिहितोय. पर्याय दोनच धरा: सांचीच्या स्तूपाची तोरणे किंवा भरहुतच्या स्तूपाचा कठडा. भरहुत मध्य प्रदेशात, सतना जिल्ह्यात आहे, पण त्यासाठी तिकीट कोलकात्याचं काढावं लागतं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमला १८७३ साली तो स्तूप सापडला आणि शिल्लक राहिलेल्या शिल्पांपैकी बहुतेक कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली.

माझं मत सांचीला. तिथे पूर्व तोरणाचा दक्षिण खांब गाठा. उरुवेला काश्यप हा अग्निपूजक जटिलांचा, म्हणजे जटाधारी तपस्व्यांचा, म्होरक्या बुद्धाकडे कसा वळला, ती गोष्ट इथे कोरलीय. खांबाच्या आतल्या बाजूला अग्निशाळा आहे. आत पाच फण्यांचा नाग, छपराच्या गवाक्षांतून बाहेर पडणाऱ्या ज्वाळा. पण नजर खिळते ती कडेच्या पर्णकुटीवर. जटा फेट्यासारख्या गुंडाळलेला एक तपस्वी गुडघ्यांना पट्टा बांधून चटईवर बसलाय. शेजारी छोटी वेदी. एक जण नैरंजना नदीत अंघोळ करतोय, पोरसवदा शिष्य पाणी भरताहेत. खालच्या पटात यज्ञाची लाकडं फोडायची लगबग, पण बुद्धाच्या चमत्काराने कुऱ्हाड वर उचललेली तशीच अडकलीय! चमत्कार सांगता सांगता शिल्पकाराने आश्रमाचा अख्खा दिनक्रम कोरून ठेवलाय. समोरच्या बाजूला पूर आलाय आणि काश्यप होडीतून बुद्धाला वाचवायला निघालाय. बुद्ध मात्र कुठेच दिसत नाही. पाण्यावर त्याच्या चंक्रमाची, म्हणजे फेऱ्या मारायच्या वाटेची, नुसती फरशी आहे, तीच त्याची खूण. हे ठाऊक नसेल तर तो पट कळतच नाही.

इथेच भरहुत सरस ठरतं. सांचीचे लेख बहुतांशी दान कुणाचं ते सांगतात, भरहुतचे लेख दृश्य कशाचं ते सांगतात. ‘दीघतपसी सिसे अनुसासति’, दीर्घतपस्वी शिष्यांना शिकवतोय, असं चक्क ब्राह्मी लिपीत कोरलंय. (ते शिष्य की शिष्या, यावर अभ्यासकांत वाद झालाच.) ऋष्यशृंगाच्या जातकाचंही (म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या गोष्टीचंही) नाव दिलंय: पाणी पिणारी हरिणी, तिला झालेलं माणसाचं पोर आणि ते उचलून घेणारा ऋषी, सगळं एकाच वर्तुळात. भरहुत वयानेही थोरलं, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. आकृती जरा ताठर, चपट्या. सांचीइतकी गर्दी, झाडं, पाणी इथे नाही. ब्राह्मी शिकत असाल तर मात्र माझं ऐकू नका, कोलकात्यालाच जा.

गांधार शैलीचा मोह असेल, तर हाडांचा सापळा झालेला तो प्रसिद्ध उपाशी सिद्धार्थ लाहोरच्या संग्रहालयात आहे, म्हणून तो यादीतून वगळला.

महाराष्ट्रातून सांची तशी सोपी. भोपाळपर्यंत रेल्वे, पुढे सुमारे ५० किलोमीटर. दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचा दानलेख आहे. सातवाहनांचा म्हणून तोही बघून घ्या. पूर्व तोरणापाशी सकाळीच पोहोचा, तिरप्या उन्हात समोरच्या बाजूचा उठाव छान दिसतो. कोलकात्याला उन्हाची काळजी नाही, फक्त सोमवार टाळा. म्युझियम बंद असतं.