महाडच्या पोस्टरसाठी लिनोकट संच: लिनो चांगला, शाई बदला

२० मार्चला चवदार तळ्याकाठी मिरवायच्या पोस्टरसाठी हा लिनोकटचा, म्हणजे लिनो या मऊ पट्टीवर चित्र कोरून छापण्याचा, संच घ्यावा का? जरूर घ्यावा, फक्त शाई वेगळी आणावी.

संचात ३ मिमी जाडीचे दोन ए-४ लिनो, पाच पाती, एक मूठ, रबरी रोलर आणि पाण्यावरची काळी शाई मिळते. लिनो उत्तम आहे. दहा मिनिटं उन्हात ठेवला की सहज कापला जातो. अमेरिकेत जन्मलेल्या चित्रकार एलिझाबेथ कॅटलेट यांनी १९४६-४७ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या जगण्यावर १५ चित्रांची मालिका केली ती लिनोवरच. तसे एकमेकींना लागून कोरलेल्या बारीक रेषांचे चेहरे हवे असतील तर इंग्रजी व्ही आकाराचं पातं धारदार लागतं. इथलं बोथट आहे. बोथट पातं घसरतं आणि हात कापतो, म्हणून आधी धारेच्या दगडावर लावा आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवा.

ओंजळीने पाणी पिणाऱ्या बाईच्या चित्राखाली ‘पाणी’ लिहायचं, तर अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी उतरवावी लागतात. शिरोरेषा किमान ३ मिमी ठेवा, नाहीतर छपाईत तुटते.

मार्चच्या उकाड्यात पाण्यावरची शाई रोलरवरच सुकते, ठसा डागाळतो. तेलाची शाई घ्या, पातळ थरच लावा. जाड थराने कोरलेल्या रेषा बुजतात. पावसाळ्यात मात्र तीच शाई सुकायला कित्येक दिवस घेते. कागद लिनोवर दाबायला स्टीलच्या चमच्याची पाठ पुरते, पण जाड कार्डावर दाब पोचत नाही. पातळ कागद वापरा.