मशीनचं डायलिसिस की पोटाचं: नंतरचा त्रास

किडनी निकामी झाल्यावर हिमोडायलिसिस (मशीनने रक्त गाळणं) की सीएपीडी (नळीतून पोटात द्रव भरून-काढून घरीच करायचं डायलिसिस) हे ठरवताना खर्चाचा आणि अंतराचा हिशेब सगळेच करतात. शरीराला पुढे काय सोसावं लागेल, याची चौकशी फार थोडे करतात. मशीनचा त्रास बहुतेक त्याच दिवशी दिसतो. पोटाचा बराचसा महिनोन्महिने साठत जातो.

मशीनवर पायात गोळे येणं आणि बीपी पडणं यामागे बहुधा एकच कारण असतं: साठलेलं पाणी घाईने काढणं. तासाला, वजनाच्या किलोमागे 13 मिलीपेक्षा जास्त काढू नये असं मानतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाचं चार तासांत जेमतेम तीन लिटर. साडेचार लिटर अंगावर घेऊन आलात तर गोळे येणारच. मीठ कमी करा, नाहीतर वेळ वाढवून घ्या. पाणी फार नसूनही गोळे येत असतील तर ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, पुन्हा ठरवायला सांगा. अंगावर मांस चढलं की जुना आकडा चुकतो. मशीनवर असताना भरपेट खाल्लं तरी बीपी पडतो.

पहिल्या एकदोन वेळी डोकं दुखतं, मळमळतं. युरिया (रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) रक्तातून झपाट्याने उतरतो, मेंदूतून सावकाश, आणि त्या फरकामुळे मेंदूत पाणी ओढलं जातं. म्हणूनच पहिलं डायलिसिस दोनेक तासांतच थांबवतात. ‘अर्ध्यावर का काढलं?’ म्हणून तंत्रज्ञाशी भांडू नका.

फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी हातात शीर धमनीला जोडून केलेल्या जोडाच्या) हाताची बोटं गार पडू शकतात, कारण रक्त फिस्टुलाकडे वळतं. बोट दुखू लागलं, काळंनिळं झालं तर लगेच सर्जनकडे. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असताना हुडहुडी भरून ताप आला, तर ती एसीची थंडी समजू नका. जंतुसंसर्ग असू शकतो.

सीएपीडीत बीपीचे असे झटके सहसा नसतात. पण दोन लिटरच्या चार बॅगा रोज, आणि प्रत्येकीत 1.5, 2.5 किंवा 4.25 टक्के साखर. त्यातली बरीच अंगात शोषली जाते: वजन वाढतं, मधुमेह बिघडतो. शिवाय रोज 5 ते 10 ग्रॅम प्रथिनं बॅगेतून जातात, म्हणून अंडी, मासे, पनीर यांत कसूर नको. नळीतून हवा शिरली तर खांदा दुखतो. बद्धकोष्ठ झालं तर पाणी नीट निघत नाही. हर्निया असेल तर तो वाढतो. इकोडेक्स्ट्रिनची (नेहमीच्या साखरेऐवजी वापरतात त्या पदार्थाची) बॅग असेल तर काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात; त्यावर इन्सुलिन घेणं जिवावर बेतू शकतं.

बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं, तर ते फेकू नका. बॅगेसकट त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हृदय कमजोर असेल, मशीनवर बीपी टिकत नसेल, तर सीएपीडी सरस. पोटावर मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या असतील किंवा नजर अधू असून बॅग बदलायला घरात कोणी नसेल, तर मशीनच बरं.