कनू पट्ट्यांची की प्लायची?

घरी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती हलकी होडी, बांधायची म्हटली की पुण्यात साधारण दोन रस्ते उरतात. एक तर सीडरच्या पाव इंच जाडीच्या पट्ट्या साच्यांवर एकीला एक चिकटवत जायचं आणि आतून-बाहेरून फायबरचं कापड चढवायचं. नाहीतर मरीन प्लायचे तुकडे कापून तारेने शिवायचे आणि सांधे इपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव कालवल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने, भरायचे. दोन्हींचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असणारच, त्यामुळे ती उजळणी करत नाही. आधी एका मित्राबरोबर मी प्लायची केली, नंतर स्वतःसाठी पट्ट्यांची. माझा कल कुठे आहे ते थोड्याच वेळात कळेल, पण प्लायची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडतो.

प्लायचा वेग खरा आहे. ही शिवण-पद्धत गाजली ती 1962 च्या मिरर या छोट्या शिडाच्या बोटीमुळे. ज्याने कधी रंधा हातात धरला नाही अशा माणसालाही घरी बोट करता यावी, हाच तिच्यामागचा विचार होता, आणि तो आजही लागू पडतो. साचे नाहीत, ते उभे करायची तुळई नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून टेम्पोत टाकून तीन शीट आणल्या, कागदावरचे आकार आखले, जिगसॉने कापले की शनिवार-रविवारात बोटीचं पोट दिसायला लागतं. सोसायटीत राहणाऱ्याला आणखी एक फायदा. शिवायला घेईपर्यंत ते तुकडे पलंगाखाली सरकवून ठेवता येतात. पट्ट्यांचा सोळा फुटी सांगाडा पार्किंगमध्ये चार-पाच महिने उभा राहतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावर मत देतो.

फक्त प्लाय घेताना मरीन प्लायच्या आयएस 710 या मानकाचा शिक्का बघा, साध्या प्लायच्या 303 वर भागवू नका. शिक्का असला तरी कापलेल्या कडेकडे नीट पाहा. पातळ शीटमध्ये मधल्या थरात फटी निघतात आणि वाकवताना शीट नेमकी तिथेच मोडते. चार मिलिमीटरची शीट बहुतेक दुकानदार मागवून देतात, समोर ठेवलेली असते ती सहाची. शीट आठ फुटांची, बोट पंधरा-सोळाची, म्हणजे जोड आलाच. जाडीच्या आठपट उतार काढून तिरका सांधा केलात तर वाकवताना तो कळतही नाही.

पट्ट्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न लाकडाचा, आणि इथे पुणेकराला थोडं झगडावं लागतं. कॅनडात ज्या लाकडाच्या कनू होतात ते वेस्टर्न रेड सीडर. ते हलकं, सरळ रेषांचं आणि रंध्याखाली लोण्यासारखं चालणारं. आपल्याकडे बाहेरच्या भिंतींना आणि सौनाच्या खोल्यांना लावण्यासाठी ते आयात होतं, म्हणून मिळतं. पण सोळा फुटी फळी सहसा मिळत नाही, जोड द्यावे लागतात. देवदार मागितलात तर पुष्कळदा पाइन हातात येतं आणि खरा देवदार मिळाला तरी तो बराच जड. सागाचा मोह मिस्त्री लोक फार घालतात. ‘साहेब, साग लावा, जन्मभर बघायला नको.’ साग जड, शिवाय तेलकट, त्यावर इपॉक्सी धरायला नखरे करतं. मी महाग पडलं तरी रेड सीडरच घेतलं. फळ्या वखारीत चिरून घेताना एक हिशेब विसरू नका. सहा मिलिमीटरच्या प्रत्येक पट्टीमागे ब्लेड अडीच-तीन मिलिमीटर खातं, म्हणजे विकत घेतलेल्या लाकडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा भुसा होतो. आणि त्या भुशाला मास्क हवाच. या लाकडाची धूळ छातीला त्रासदायक असते, काहींना तिच्यामुळे दम्यासारखा त्रास सुरू होतो.

आता मुद्द्याचं. माझा निर्णय फिरवला तो फिलेटने. प्लायचे दोन तुकडे जिथे मिळतात तिथे आतून इपॉक्सीत लाकडाची पूड आणि सिलिका कालवून घट्ट मिश्रण भरायचं, गोल पातीने एका ओढीत सारखं करायचं आणि ते ओलं असतानाच वर फायबरची टेप बसवायची. ऐकायला सोपं आहे. पण मिश्रण घट्ट होईपर्यंत मिळणारा जो वेळ डब्यावर छापलेला असतो तो 25 अंशांचा असतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली 38 अंश सहज असतात आणि दर दहा अंशांमागे हातातला वेळ साधारण निम्मा होतो. त्यातून मगमध्ये एकगठ्ठा राहिलेलं मिश्रण स्वतःच तापायला लागतं. धूर निघणारा मग आम्ही लगबगीने अंगणात नेऊन ठेवलाय. एकदा कालवलं की कुरिअर येवो, ऑफिसचा फोन वाजो, वरून जेवायची हाक येवो, तुम्ही बोटीत वाकलेले आणि हातमोजे कोपरापर्यंत बरबटलेले.

हे एकदा करून संपत नाही. तळाचा सांधा, दोन्ही बाजूंचे सांधे, दोन्ही टोकं, सीटखालचे आडवे तुकडे, सगळीकडे हेच. मग ते वाळलं की घासायचं. आणि खोलगट जागेत दगडासारखं घट्ट झालेलं इपॉक्सी मशीनने घासता येत नाही, बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून घासावं लागतं. ती धूळ मानेला लागली की रात्रभर खाज. इपॉक्सी दुसऱ्या आठवड्यात घरात आलं ते रंग मारेपर्यंत गेलं नाही. आमच्या घरी तर त्याचा वास हाच बोटीचा वास ठरला होता.

कुणी म्हणेल, पट्ट्यांच्या बोटीला तर इपॉक्सी एकूण जास्तच लागतं. खरं आहे. आतून-बाहेरून पूर्ण कापड चढवायचं म्हणजे लागणारच. पण तो प्रकार मोठ्या दोन बैठकांत उरकतो, एक बाहेरून आणि एक आतून, आणि दोन्हींचा दिवस तुम्ही ठरवता. मित्र बोलावता, मोबाइल बंद करता. तोवरचे महिनोन्‌महिने फक्त लाकूड, फेविकॉल आणि क्लॅम्प. साडेसातला ऑफिसमधून आलो, दोन पट्ट्या लावल्या, जेवायला बसलो. जमलं नाही तर बोट रुसत नाही. रंध्याचा आवाज शेजारच्यांना खटकत नाही, आणि टोकाकडे पट्टी पिळ घेते तिथे ती तासून-तासून बसवण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कुठल्या सुतारकामात मिळाली नाही. नोकरी सांभाळून बोट करणाऱ्याला हा फरक वजनाच्या किंवा किमतीच्या फरकापेक्षा मोठा वाटावा, असं आपलं मला वाटतं.

कंटाळा पट्ट्यांतही आहे. साच्यांवर पट्ट्या धरून ठेवणाऱ्या पिना शेवटी एकेक करून उपटाव्या लागतात आणि त्या शेकड्यांनी असतात. नंतरची घासाई बाहेरून सुखाची, आतून मान मोडणारी. फक्त ते लाकूड असतं, इपॉक्सी नव्हे; हाताला समजतं.

कापड चढवण्याबद्दल दोन गोष्टी. पाण्याच्या टाक्या आणि बसच्या बॉडी करणाऱ्यांकडे जी मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन मिळतं त्याच्या नादी लागू नका. त्यांच्या बहुतेक मॅटमध्ये काचेचे सुटे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ इपॉक्सीत नीट विरघळत नाही, आणि पॉलिएस्टर सीडरला भरवशाने धरत नाही. विणलेलं, साधारण 200 ग्रॅमचं कापड घ्या. ते भिजलं की काचेसारखं पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड वर येतं. दुसरं, हे काम ऊन उतरतीला लागल्यावर सुरू करा. सकाळी केलंत तर दिवसभर लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगून बाहेर पडते आणि कापडाखाली बुडबुडे राहतात.

पाण्यावर दोन्ही चालतात. वजनकाट्यावर मी एकही चढवली नाही, पण गाडीच्या टपावर टाकताना पट्ट्यांची थोडी हलकी लागते, निदान माझ्या खांद्याला. मुळशीला वारा सुटला की प्लायच्या बोटीच्या कोनांवर लाट चपचप वाजत राहते, गोल पोटाची मुकाट्याने जाते. उलट उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरून काठाचे दगड उघडे पडतात तेव्हा रंगवलेल्या प्लायची चिंता कमी. खरचटलं तर पुट्टी, रंग, झालं. वार्निश केलेल्या सीडरवर प्रत्येक ओरखडा दिसतो, आणि आपल्या उन्हात वार्निशचा हात दरवर्षी द्यावाच लागतो, नाहीतर खालचं इपॉक्सी ऊन खाऊन खराब होतं. बोट उन्हात पडून राहणार असेल, किंवा घरातली मुलं तिला काठाला खेचत नेणार असतील, तर प्लायलाच माझं मत. बोट कुठलीही असो, धरणावर नेण्याआधी परवानगीचं विचारून घ्या. सगळीकडे एकच नियम नाही.

तर या दिवाळीलाच पाण्यात उतरायचं असेल, जागा थोड्याच आठवड्यांची असेल आणि सलग सुट्टी काढता येत असेल, तर प्लाय घ्या, पस्तावणार नाही. पण संध्याकाळचा एखादा तास एवढीच तुमची मिळकत असेल तर मी पट्ट्यांकडेच बोट दाखवीन.

ठरलंच तर दसऱ्याला साचे उभे करा. थंडी संपेपर्यंत पट्ट्या लागतात, फेब्रुवारीत बाहेरचं कापड आणि मार्चमध्ये आतलं. जूनवर काही ढकलू नका. पावसाळी हवेत वाळणाऱ्या इपॉक्सीवर मेणासारखा ओशट थर येतो, आणि घासण्याआधी तो पाण्याने धुऊन काढला नाही तर पुढचा हात धरत नाही. प्लायला जानेवारीत हात घातला तरी चालेल. फिलेट मात्र मार्च संपायच्या आत भरून टाका, आणि एका वेळी जेवढं दहा मिनिटांत संपेल तेवढंच कालवा.