टक्कल वाढतच असेल तर: ट्रान्सप्लांट की पॅच?

नॉर्वूड मोजपट्टीवर पुरुषांच्या टकलाच्या सात पायऱ्या आहेत. सहावी-सातवी गाठणाऱ्याला ट्रान्सप्लांटचा हिशेब आधीच नीट सांगायला हवा. यात नवा केस जन्मत नाही; डोक्याच्या मागच्या पट्ट्यातली मुळं उचलून पुढे लावतात. जागा बदलली तरी ती टिकतात, हे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी 1959 मध्ये मांडलं. पण उचललेलं मूळ मागे पुन्हा उगवत नाही, आणि सातव्या पायरीला तो पट्टाच अरुंद, विरळ झालेला असतो. पंचविशीत हौसेने कपाळावरची रेघ खाली आणून घेतली, तरी त्या रेघेमागचे मूळचे केस गळत राहतात आणि पुढे केसांचं एकटं बेट उरतं. मग भरायला मुळं कुठून आणणार?

पॅच म्हणजे टकलावर टेपने चिकटवायचा केसांचा तुकडा. तो पहिल्या दिवसापासून दाट दिसतो, टक्कल कितीही पसरो. बदल्यात दर काही आठवड्यांनी काढा, डोकं धुवा, पुन्हा चिकटवा. मे महिन्यातल्या घामाने टेप सुटते, खाजही येते.

तरी एवढ्या टकलाला मी पॅचच सुचवेन. नको झाला तर काढता येतो. डोक्यामागची कातडीची पट्टी कापून केलेल्या ट्रान्सप्लांटचा व्रण मात्र डोकं भादरलं की दिसतोच.