माजघरावरची चिकटवलेली तुळई: अठरा महिने, दोन पावसाळे

घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, किंजळाचं आढं. आढ्याला वाळवी लागून ते मधोमध बसलं होतं, आणि आजोबांनी तात्पुरता म्हणून माजघरात उभा केलेला टेकूचा खांब चाळीस वर्षं तिथेच होता. छप्पर उतरवायचंच आहे तर तो खांबही जाऊ दे, असा आईचा हट्ट. म्हणजे २१ फुटांचा गाळा आणि मध्ये काहीच आधार नाही.

एवढ्या लांबीचा सरळ साग वखारीत मिळेना. मिळाला तो ओला. लोखंडी गर्डर टाकायचा विचार होता, पण शेजारच्या शेडचे अँगल खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटून कसे झालेत ते रोज बघतो. शेवटी ग्लुलॅम घेतलं, म्हणजे लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या तुळया. युरोपातून आलेलं स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचं लाकूड, तीन नग: एक आढ्याला, दोन बाजूंच्या पाखांना. प्रत्येक १४० मिलिमीटर रुंद, ३६० उंच, ४० मिलिमीटरचे नऊ थर. आपल्याकडच्या सागाइतकेच पैसे गेले, वर मुंबईहून ट्रकभाडं वेगळं.

ट्रकमधून उतरवल्यावर काकांनी तुळईवर हात फिरवला, फळ्यांमधले बोटात बोटं अडकवल्यासारखे सांधे पाहिले आणि म्हणाले, "एवढे पैसे मोजून तुकडे आणलेस?" आहेत ते तुकडेच. फळ्या आधी साधारण १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात, मोठी गाठ असेल तिथे फळी कापून टाकतात, उरलेले तुकडे त्या दातेरी सांध्याने जोडून लांब फळी करतात आणि मग थर दाबून चिकटवतात. एका फळीत दोष राहिलाच तर त्याच जागी दुसऱ्या आठ फळ्यांत तो सहसा नसतो. ही काही परवाची युक्ती नाही. जर्मनीत ओटो हेट्झरने १९०६ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. काकांना हे सांगितलं, त्यांना पटलं नाही. पटलं ते वजन. एक तुळई दीडशे किलोच्या आसपास भरली. सहा जणांनी खांद्यावर घेऊन पाखाडी चढवली आणि चेन-पुलीने दुपारच्या आत तिन्ही जागेवर बसल्या. क्रेन आमच्या पाखाडीला आलीच नसती.

खरा त्रास हिशेब करून देणारा इंजिनिअर मिळवण्याचा. दोन महिने गेले. कॉलम-बीम सगळे करतात, लाकडाचं नाव काढलं की विषय बदलतात. त्यांनाही दोष काय द्यायचा. केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानेच (सीपीडब्ल्यूडी) १९९३ पासून आपल्या बांधकामांत लाकूड बंद ठेवलं होतं, ते २०२० मध्ये पुन्हा खुलं झालं. मधल्या पिढीला त्याची सवय लागणार कुठून?

आता वापराबद्दल. पहिला पावसाळा मी रात्री बॅटरी घेऊन तुळया बघण्यात घालवला. वाकल्या नाहीत. आवाज नाही, वास नाही. जुन्या आढ्याखाली कौलांची ओळ लाटेसारखी दिसायची, ती अजून दोरी धरल्यासारखी सरळ आहे.

मग मार्चमध्ये भेगा पडल्या. मधल्या तुळईच्या बाजूवर हातभर लांबीची एक, खालच्या थरात दोन. माझी झोप उडाली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तिकडून "नॅचरल आहे सर" एवढंच. इंजिनिअर आला आणि त्याने खिशातून पातळ पत्र्याची पट्टी काढून भेगेत सरकवली. जेमतेम १२ मिलिमीटर आत गेली. मग त्याने मला शिडीवर चढवून दाखवलं: भेग लाकडाच्या रेषेबरोबर किंचित तिरकी जाते, काठ खडबडीत आहेत, आणि डिंकाची रेघ बाजूला शाबूत आहे. भेग डिंकाच्या रेघेवरूनच सुरीने कापल्यासारखी सरळ गेली असती आणि आत गुळगुळीत लागलं असतं, तर थर सुटताहेत असं समजायचं. आमच्या तुळया १२ टक्क्यांवर आल्या, पावसाळ्यात १६-१७ वर गेल्या आणि कौलांखालच्या उन्हाळ्यात पुन्हा वाळल्या. त्या ओढाताणीच्या या भेगा. पेन्सिलने टोकांना खुणा करून तारीख टाकली. खुणांच्या पुढे त्या गेलेल्या नाहीत.

दुखणं निघालं भलतीकडेच. ओलावा मोजायचं दोन पिनांचं यंत्र मी हौसेने घेतलं होतं. पहिल्याच ऑगस्टमध्ये तुळईच्या मध्यावर १६ टक्के आणि पश्चिमेच्या भिंतीत शिरते तिथे २४! विशीच्या वर बराच काळ राहिलं की बुरशीला आमंत्रणच. गवंड्याने तुळईची तोंडं भिंतीच्या खोबणीत ठेवून चहूबाजूंनी माल गच्च भरला होता. त्याच्या दृष्टीने काम चोख. पण आमचा चिरा पावसाचं पाणी पितो आणि लाकडाच्या तोंडाला पाजतो. माल फोडून काढला, तुळईखाली डांबरी फेल्टचा थर दिला, तोंडाला सील मारलं आणि तिन्ही बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडली. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे १८ च्या वर आकडा गेला नाही. हे काम आधी केलं असतं तर दीड तासाचं होतं, नंतर तीन दिवस लागले. गवंड्याला आधी सांगायला हवं होतं ते मी, माझी चूक.

वाळवीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण विकताना मला "डिंकामुळे वाळवी लागतच नाही" असं सांगितलं गेलं. थापा आहेत. वाळवी डिंक सोडून लाकूड खाईल. शिवाय स्प्रूस औषध नीट पीत नाही, दाबाखाली मुरवायचा प्रयत्न केला तरी ते वरवरच राहतं. आज घ्यायचं झालं तर औषध मुरवलेलं पाइन मागेन, ते आतपर्यंत पितं. आम्ही आता बोरिक-बोरॅक्सचं पाणी ब्रशने मारतो आणि भिंतीवर मातीच्या रेघा येतात का ते महिन्यातून एकदा बघतो. भुंग्यांनी मात्र पडवीवर बाहेर आलेल्या टोकाला दोन सुबक भोकं पाडलीच. मऊ, कोरं लाकूड, त्यांना आणखी काय हवं? खुंट्या ठोकून ऑइलपेंट लावला. ते टोक बाहेर काढायलाच नको होतं. उन्हाने करडंही पडलंय.

आगीचं सगळे विचारतात. जाड तुळई जळताना बाहेरून कोळसा होत जाते, मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर, आणि तो कोळसाच आतलं लाकूड काही वेळ राखतो. घरात चूल आहे, त्यामुळे हा हिशेब आम्ही केला होता.

नॉर्वेत ब्रुमुंडालला ८५.४ मीटर उंचीची म्योस्टॉर्नेट नावाची लाकडी इमारत याच मालाच्या खांबांवर उभी आहे, तिचे व्हिडिओ पाहून कोणी कोकणात उत्साहाने निघणार असेल तर एक लक्षात घ्या: तिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत नाही. छपराखाली, कोरड्यात, मोठ्या गाळ्याला जरूर वापरा. अंगणातल्या मांडवाला, पुढे आलेल्या सज्जाला मी वापरणार नाही. स्क्रू आणि पट्ट्या स्टेनलेसच्याच घ्या. आमचे गॅल्व्हनाइज्ड स्क्रू वर्षात लाल झाले.

आमच्या सुतार मेस्त्रींनी या सगळ्यावर विश्वास न ठेवता स्वतःची परीक्षा लावली होती. पहिल्या दिवशी कापून उरलेला दीड फुटाचा तुकडा त्यांनी गोठ्यामागे पागोळ्यांखाली टाकून दिला. दोन पावसाळ्यांनंतर परवा उचलला. कडा मऊ पडल्यात, नखाने उकरता येतात, एका तोंडाला पांढरी बुरशी आहे. पण मेस्त्रींनी पटाशी घालून थर उचकटायला बघितले, तर लाकूड फाटलं आणि सांधा तसाच राहिला. त्यांनी तो तुकडा उलटा करून पुन्हा पागोळ्यांखाली ठेवला. म्हणाले, "अजून एक पावसाळा बघू."