धावण्यासाठी अलेक्झांडर टेक्निकचा ऑनलाइन कोर्स: काही महिने वापरून झाल्यावर

कोर्सची मुदत संपत आलीय, रिन्यूअलचे मेसेज सकाळ-संध्याकाळ येतायत, अन् कस्टमर केअरच्या मॅडमनी परवा पुन्हा तेच ऐकवलं, "सर, ते फीचर मुद्दाम दिलंय." म्हणून सविस्तर लिहितो. अलेक्झांडर टेक्निक म्हणजे मान-पाठ उगाच न आखडता हालचाल करायला शिकवणारी पद्धत. व्हिडिओ किती, लाइव्ह सेशन किती, हे त्यांच्या जाहिरातीत आहेच. ते पुन्हा उगाळत नाही.

ते फीचर म्हणजे घंटी. धावताना कानात लावायच्या ऑडिओत थोड्या थोड्या वेळाने ठण्णकन वाजते. वाजली की मनात म्हणायचं, घाई नको, मान मोकळी सोड. कल्पना बरी आहे. पण आवाज? पहाटे अंधारात इथे परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने एकटाच पळत असतो, अन् ती वाजली की दचकतो. दचकल्यावर माणूस काय करतो? खांदे कानाला, मान आखडलेली, डोकं मागे. नेमकं हेच करू नका हे शिकवायला तर यांनी 3,499 रुपये घेतलेत! या टेक्निकवर संशोधन करणारे अमेरिकेतले फ्रँक पियर्स जोन्स यांनी दचकल्यावर मान अन् खांदे कसे आखडतात याचाच अभ्यास केला होता. कोर्स बनवणाऱ्यांनी तेवढं तरी वाचायचं. आवाज कमी करावा तर शिकवणाऱ्या बाईंचं बोलणं ऐकू येत नाही, कारण दोन्ही एकाच ट्रॅकवर. बिनघंटीचा ट्रॅक द्या म्हणून तीन मेल टाकले. उत्तरादाखल रेटिंग द्यायची लिंक आली.

असो. टेक्निकबद्दल.

पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर पैसे पाण्यात म्हणालो असतो. "डोकं पुढे आणि वर" ही कोर्समधली सूचना ऐकून मी हनुवटी उचलून पळायचो. घरी बायको म्हणाली, "मान अवघडल्यावानी काय पळायलात?" मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तर सरळच, "काका, खाली बघा, खड्डा हाय."

गाडी रुळावर आली ती एका साध्या व्यायामाने. दोन्ही कानांवर बोटं ठेवायची अन् "हो" म्हणताना हलवतो तशी मान अगदी बारीक हलवायची. कवटी मणक्यावर टेकते ती जागा या दोन बोटांच्या साधारण मधोमध, आत आहे. आपण समजतो ती मानेच्या मागे, कॉलरपाशी. डोकं साडेचार-पाच किलोचं. ते कुठून हलतं हेच चुकीचं धरलं की मानेचे स्नायू दिवसभर फुकट राबतात. हे कळल्यावर हनुवटी आपोआप खाली आली. उचलायचं काही नसतं, ओढणं तेवढं थांबवायचं असतं.

ही टेक्निक काढणारा अलेक्झांडर मूळचा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा, जन्म 1869. रंगमंचावर उतारे म्हणून दाखवायचा, अन् त्याचा आवाज बसायचा. डॉक्टरी उपाय टिकेनात, तेव्हा आरशांसमोर उभा राहून त्याने स्वतःलाच न्याहाळलं. बोलायला तोंड उघडायच्या आधीच डोकं मागे-खाली ओढलं जातंय हे त्याला दिसलं. आमच्याकडे आरसा कुठला. मी मोबाइल कंपाउंडच्या भिंतीवर आडवा ठेवून स्वतःचं शूटिंग केलं. सुरुवातीला ठीक. दमलो की मात्र, खास करून घड्याळातला वेग घसरलेला दिसला की, डोकं मागे, छाती पुढे, मुठी घट्ट. जोर सगळा मानेत, पाय तेवढेच चालतायत. आता घड्याळ पट्ट्यासकट खिशात असतं. कोर्समधल्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा मला या शूटिंगचा जास्त उपयोग झाला, अन् हे फुकट आहे.

फरक काय पडला? पळून आल्यावर मान-खांदे दुखायचे, ते जवळपास थांबलं. श्वास मोकळा वाटतो. वेग तोच आहे. गुडघाही तसाच दुखत होता. तो फिजिओथेरपिस्टने मांडी अन् नितंबाचे व्यायाम दिल्यावर कमी झाला. त्याचं श्रेय मी या कोर्सला देणार नाही.

अन् एक. जाहिरातीत "ब्रिटिश मेडिकल जर्नलने सिद्ध केलंय" असं ठोकून दिलंय. 2008 चा तो अभ्यास खरा आहे अन् चांगला आहे. पण तो जुनाट कंबरदुखीच्या 579 रुग्णांवरचा. त्यात शिक्षक समोरासमोर, हात लावून धडे देत होते. 24 धडे घेतलेल्यांना वर्षभराने महिन्यातले तीनच दिवस दुखत होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना 21. धावण्याचा त्यात संबंध नाही, मोबाइलवरच्या कोर्सचा तर नाहीच. परभणीत शिक्षक मिळत नाही म्हणून आपण ऑनलाइन घेतो, ही आपली अडचण. तिच्यावर दुसऱ्याच्या अभ्यासाचं लेबल कशाला?

"नजर दूर ठेवा" हे विद्यापीठाच्या आतल्या रस्त्यावर जमतं. वसमत रोडला कुत्री अन् खड्डे बघूनच पळा. मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की पळणं बंद करून मी नुसतं चालताना हेच केलं, अन् खरं सांगतो, चालतानाच जास्त कळलं. नवीन माणसाने तिथूनच सुरू करावं.

रिन्यूअल करणार नाही. डाउनलोड केलेल्यातले मान अन् पाठीचे दोन धडे तेवढे ठेवलेत. ऑफिसात बसून मान धरते अशा चाळिशीपुढच्या माणसाने सवलतीत मिळाला तर घ्यावा. भरतीच्या पोरांनी एवढे पैसे यात घालू नयेत; 1600 मीटरला बरे बूट घ्या, अन् एकमेकांचं शूटिंग करा.